सिल्लोडच्या गाडीत बसलेलं गाणं

माझ्या कामाची सुरुवात पडद्याआड झाली. पडदा म्हणजे सिनेमाचा नव्हे. आमच्या शहरात मुसलमानांच्या बऱ्याच लग्नांत बायकांची बाजू वेगळी असते आणि तिकडं कॅमेरा घेऊन पुरुष जाऊ शकत नाही. मी तेव्हा औरंगपुऱ्यातल्या एका स्टुडिओत पासपोर्ट फोटो कापायला बसत असे. मालकांनी एके दिवशी माझ्या खांद्यावर व्हिडिओ कॅमेरा ठेवला, "लाल बटण दाबलं की चालू, परत दाबलं की बंद," एवढं चित्रपटशास्त्र शिकवलं आणि रिक्षात बसवून दिलं. पुढं तो स्टुडिओ माझ्याकडं आला. मग एका कॉलेजच्या माध्यम विभागाला 'प्रत्यक्ष काम केलेलं माणूस' हवं झालं, ते पदवीवाल्यांत सापडेना, म्हणून मला बोलावलं. ताईची मॅडम झाले. आता विभागातून निवृत्त झालेय, स्टुडिओ मात्र अजून उघडते.

संपादकांनी 'तुमच्या वाटचालीविषयी लिहा' असं कळवलंय. वाटचाल काय, घर ते स्टुडिओ आणि स्टुडिओ ते कॉलेज. त्यापेक्षा मी दिग्दर्शित केलेल्या एकुलत्या एका गाण्याची गोष्ट सांगते. त्या गाण्याला बक्षीस मिळालं, म्हणून आधीच सांगून ठेवते की ही यशाची गोष्ट नाही.

प्रेक्षक ओळखण्याबद्दल मला थोडी घमेंड होती. ती लग्नांनी दिलेली. एकदा एका नवरीची खाला, म्हणजे मावशी, कॅसेट परत घेऊन आली. चेहरा पडलेला. म्हणाली, "बेटा, सब अच्छा आया. पन बिदाई में मैं रोती हुई नहीं दिखी. लोगां क्या बोलेंगे, खाला को दुख नै हुआ?" मी म्हटलं, तुम्ही रडत होता तेव्हा कॅमेरा नवरीवर होता. ती म्हणाली, "तो अब ले लो." दुसऱ्या दिवशी तोच जरीचा शरारा घालून ती स्टुडिओत आली, पासपोर्टच्या निळ्या पडद्यापुढं उभी राहिली आणि खरोखर ढसाढसा रडली. मी ते बिदाईत जोडलं. निळा पडदा कुणालाही दिसला नाही. पुढं त्या घरातली तीन लग्नं मला मिळाली, आणि प्रत्येक वेळी कुणी ना कुणी सांगे, त्या कॅसेटमध्ये सगळ्यात भारी खालाचं रडणं आहे.

त्यावरून मी एक सिद्धांत काढला: प्रेक्षक पडद्यावर आधी स्वतःला शोधतो, मग त्याचं माणूस, मग त्याचा सोफा. गोष्ट त्यानंतर. वर्गात मी हे फार रुबाबात सांगायची. आणखी एक सांगायची, की आपली फिल्म लोकांना दाखवताना पडद्याकडं बघायचं नाही, पाठ फिरवून लोकांकडं बघायचं. जिथं लोक खोकतात, फोन काढतात, पोराला पाणी पाजायला उठतात, तिथं आपली चूक आहे. पोरं हे लिहून घेत. मीही ऐकून खूश होत असे. या सगळ्यात एकच उणीव होती: माझं स्वतःचं काम लोकांसमोर ठेवून पाठ फिरवायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती.

ती आली ती एका आंतरमहाविद्यालयीन महोत्सवामुळं. विद्यार्थ्यांनी तयार केलेलं एक गाणं, म्हणजे गाण्याचा व्हिडिओ, पाठवायचा होता. वर्गात तिघांना दिग्दर्शक व्हायचं होतं आणि तिघांचे तीन गट पडले होते. विभागप्रमुख सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "मॅडम, नियमात लिहिलंय, शिक्षकांचं मार्गदर्शन चालेल. किती मार्गदर्शन, ते लिहिलेलं नाही. तुम्हीच दिग्दर्शन करा. तिघंही नाराज होतील, पण सारखेच होतील." आमच्या विभागातले बरेच निर्णय याच तत्त्वावर होत.

गाणं सोमनाथचं होतं. सोमनाथ देवगाव रंगारीचा, गावाबाहेरच्या वस्तीवरचा, धनगराच्या घरातला. बोलायचा कमी आणि बोलला की मान खाली घालून, पण गाऊ लागला की हाच का तो, असं वाटायचं. चाल त्याचीच, शब्दही त्याचेच. संगणकावरच्या ढोलकीबरोबर त्यानं ते वर्गात म्हणून दाखवलं:

गाडी लागली, चढ रं राजा, मागं वळू नको,
धुरळा गेला डोळ्यात तरी डोळं चोळू नको,
मी इथंच हाय, मी इथंच हाय…

मी विचारलं, "कुणावर लिहिलंयस?"

सोमनाथ म्हणाला, "आपल्याकडचीच एक हाय, मॅडम."

मागच्या बाकांवरून शिट्ट्या आल्या. कुणीतरी "ओ हो हो, राजा!" असं ओरडलं. सोमनाथ कानापर्यंत लाल झाला. मी हात वर करून वर्ग गप्प केला आणि जाहीर केलं, की हे विरहाचं प्रेमगीत आहे. तो शिकायला शहरात निघालाय आणि ती गावात मागं राहतेय. सोमनाथ काही बोलला नाही. लाजला असेल, असं मी धरून चालले.

गाण्याचं चित्रीकरण कसं होतं, ते थोडक्यात सांगते. गाणं आधीच मुद्रित झालेलं असतं. जागेवर ते स्पीकरवर लावायचं आणि पडद्यावरच्या माणसानं त्याबरोबर नुसते ओठ हलवायचे. एकच ओळ जवळून, लांबून, डावीकडून, उजवीकडून घ्यायची. त्यामुळं जिथं शूटिंग होतं तिथल्या लोकांना गाण्याची पहिली ओळ जन्मभर पाठ होते आणि दुसरी कधीच ऐकायला मिळत नाही. मग एडिटिंग करणारा ते सगळे तुकडे असे शिवतो, की बघणाऱ्याला वाटावं, एकदाच घडलं.

कॅमेरा रेहानकडं दिला. तो शहागंजचा, हात स्थिर, तोंड अस्थिर. एडिटिंग प्रज्ञाकडं. ती इथल्याच एका बौद्ध वस्तीतली, हुशार, आणि कुणाला बरं वाटावं म्हणून एक शब्द बोलायची नाही. जाणाऱ्या मुलाचं काम सोमनाथच करणार होता. नायिका म्हणून बी.कॉम.ची एक देखणी मुलगी मिळाली. गावाची, मेंढरांची, वस्तीची दृश्यं देवगावला घेतली. बसची मात्र फुलंब्रीला घेतली, कारण शहरातून जाऊन-येऊन दुपारच्या जेवणाला परत येता येतं. दिग्दर्शनातले किती निर्णय जेवणावर ठरतात, हे कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नसतं.

माझा लाडका शॉट असा होता: बस सुटते, आणि नायिका पिवळी ओढणी उडवत बसमागं धावते. ती धावली, बऱ्याच वेळा धावली, पण ओढणी काही उडेना. वाराच नव्हता. शेवटी ओढणीच्या टोकाला बारीक दोरा बांधून प्रज्ञा कॅमेऱ्याच्या बाहेरून तो ओढत धावू लागली. तेव्हा कुठं ओढणी उडाली. रेहान ओरडला, "मॅडम, जल्दी करो, कंडक्टर हात जोड रहा!" बसमधले प्रवासी खिडक्यांतून बाहेर वाकून फुकटचा सिनेमा बघत होते.

दोन टेकच्या मधे सोमनाथ माझ्याजवळ आला. "मॅडम, ही पळती कशाला?"

"त्याला थांबवायला."

"पर गाण्यात तर ती म्हणती, मागं वळू नको."

"त्यालाच विरोधाभास म्हणतात, सोमनाथ. तोंडानं जा म्हणते, पण मन थांब म्हणतंय."

त्यानं थोडा विचार केला. "व्हय, मॅडम," म्हणाला आणि बसमध्ये जाऊन बसला. मराठवाड्यात पन्नाशी उलटेपर्यंत राहूनही मला त्या 'व्हय'चे सगळे अर्थ तेव्हा कळत नव्हते.

पहिला खेळ विभागात झाला. मी अभिप्रायाचे कागद छापून वाटले. त्यातल्या बऱ्याच कागदांवर लोकांनी समोसे ठेवले. विभागप्रमुख सर म्हणाले, की उडणारी ओढणी हे स्त्रीच्या दबलेल्या आकांक्षेचं प्रतीक आहे. इंग्रजीच्या मॅडमना त्यात वसाहतवाद दिसला. दोरा ओढणारी प्रज्ञा शेजारी उभी राहून ऐकत होती. सगळे गेल्यावर मी तिला विचारलं, "तुला काय वाटलं?"

ती म्हणाली, "छान आहे मॅडम. पण मला काही झालं नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे हेच. मी कापताना नुसतं ऐकत होते तेव्हा व्हायचं. चित्र लावल्यावर व्हायचं बंद झालं."

मला राग आला. तिला म्हटलं, खरा प्रेक्षक विभागात नसतो, आपण देवगावला दाखवू. तिचं तोंड बंद करण्याचा हाच मार्ग मला दिसत होता.

एका रविवारी दुपारी देवगावच्या शाळेच्या हॉलमध्ये खेळ लावला. खिडक्यांना पोती, भिंतीवर पांढरी चादर, आणि हॉलमध्ये माणूस मावेना. सोमनाथचे वडील वर्षातले बरेच महिने मेंढरं घेऊन बाहेर असतात, पण तेव्हा गावात होते आणि पहिल्या रांगेत मांडी घालून बसले होते. मी माझ्याच सिद्धांताप्रमाणं चादरीला पाठ करून, भिंतीला टेकून उभी राहिले.

सुरुवातीला सगळं माझ्या सिद्धांताप्रमाणं झालं. "आपली विहीर!" "आरं, ते बघ, किसनाचं घर!" पोरं एकमेकांच्या डोक्यावर टपल्या मारत होती. मग बस आली, आणि हॉल हसायला लागला. म्हणजे आधी एक कोपरा हसला, मग लाट आल्यासारखा सगळा हॉल. सोमनाथ पडद्यावर डोळ्यांत पाणी आणून बसची पायरी चढतोय, आणि इकडं बाया पदर तोंडाला लावून गदगदतायत. मला कळेना. मी वळून चादरीकडं बघितलं.

"सिल्लोड!" एक म्हातारा टाळी देत ओरडला. "पोरगं सिल्लोडला चाललंय!"

फुलंब्रीच्या थांब्यावर घेतलेल्या त्या बसची पाटी स्पष्ट दिसत होती. रेहाननं फोकस इतका उत्तम ठेवला होता, की पाटीवरचा रंग उडालेलाही दिसत होता. देवगावात चढलेला मुलगा शहरात शिकायला निघाला होता, तो भलत्याच रस्त्यावरच्या, उलट्या दिशेच्या गाडीत रडत रडत बसला होता.

"आता कळलं, ती पोरगी मागं का पळती," दुसरा म्हणाला. "गाडी चुकली म्हणून सांगायला!"

त्यानंतर गाणं कुणीच ऐकलं नाही. ओढणी उडाली तेव्हा एका चिमुरडीनं आईला विचारलं, "माय, झाडाचं पान हालंना, मग हिची ओढणी कशी उडती?" त्यावर पुन्हा हशा. रेहान प्रोजेक्टरमागं वाकून लपला होता.

दिवे लागले. मी धीर करून पुढं गेले आणि म्हटलं, मोकळेपणानं सांगा. सोमनाथचे वडील उठून उभे राहिले. ते म्हणाले, "मेंढरं बेस आली. ती मागची लंगडती, ते मला इथं बघून कळलं. उद्या दाखवून घेतो." आणि बसले. त्यांच्याकडून अभिप्राय पूर्ण झाला होता.

मग मागच्या भिंतीकडून एका बाईचा आवाज आला. मांडीवर लहान मुलगी घेऊन बसली होती, तिशीच्या आतली, अंगावर साधी पण नीटनेटकी साडी. फुलंब्रीकडं दिलेली सोमनाथची थोरली बहीण, त्याची आक्का, भावाचं गाणं बघायला मुद्दाम माहेरी आलेली. ती हसत नव्हती.

"गाणं लई गोड हाय," ती म्हणाली. "पर सोम्या, हे माझं हाय ना रं? मग ही पोरगी कोण?"

हॉलमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही. सोमनाथनं मान खाली घातली होती. बी.कॉम.ची मुलगी आमच्याबरोबर आली होती. ती आधी आक्काकडं बघत राहिली आणि मग माझ्याकडं.

बाहेर शाळेच्या ओट्यावर बसून सोमनाथनं सांगितलं. तो पाचवीपासून शहरात निवासी शाळेत होता. आईवडील मेंढरांमागं, त्यामुळं वस्तीवर आजी आणि आक्का. घर सांभाळायला म्हणून आक्काची शाळा सुटली. सुट्टी संपली की तीच त्याला बसवर सोडायला यायची. तो रडायचा आणि मागच्या काचेतून बघत राहायचा. मग ती खिडकीशी येऊन दटावायची: मागं वळू नको, मी इथंच हाय.

"राजा म्हणायची मला," तो म्हणाला. "अजून म्हणती."

"अरे, मग तू वर्गात बोलला का नाहीस?"

"तुम्ही म्हटलं ना मॅडम, प्रेमगीत हाय. मला वाटलं, असंल. लिहिणाऱ्याला सगळंच कळत नसतं, असं तुम्हीच शिकवलंत की."

ते मी शिकवलं होतं, आणि त्याच्या वहीत ते खाली रेघ मारून लिहिलेलं असणार, याबद्दल मला शंका नव्हती. प्रज्ञा शेजारीच बसली होती. तिच्या चेहऱ्यावर 'मी म्हटलं होतं' असं काही नव्हतं, आणि त्याचाच मला जास्त त्रास झाला.

मी आक्काकडं गेले. तिला म्हटलं, तुमचंच गाणं आहे, तुम्हीच यात या. आपण पुन्हा शूटिंग करू. तिनं मुलीच्या केसांत हात फिरवत मान हलवली. "मला नाय जमायचं, मॅडम. मला येळ नसतो." मी समजून घेतल्यासारखी मान हलवली. सासुरवाशीण बाई, घरात विचारावं लागत असेल. असं सगळं मी तिच्या वतीनं मनातल्या मनात बोलून टाकलं.

परतीच्या गाडीत बी.कॉम.ची मुलगी म्हणाली, "मॅडम, मी दिवसभर पळाले." तिचं बरोबर होतं. तिच्या आईनं सगळ्या नातेवाइकांना कळवून ठेवलं होतं. तिला व्हिडिओतून काढल्यावर श्रेयनामावलीत विशेष आभार मानले. असल्या आभारांवर तिनं पुढं कधी विश्वास ठेवला नाही, आणि मीही ठेवला नसता.

नवं गाणं आम्ही घाईत केलं, पण मन लावून केलं. धावणं गेलं, ओढणी गेली. देवगावच्याच थांब्यावरून शहराकडं जाणाऱ्या गाडीत रेहान मागच्या काचेला कॅमेरा लावून बसला. चढण्याआधी मला म्हणाला, "इस बार बोर्ड पढ़ लिया, मॅडम. दो बार पढ़ा." खिडकीतून आत डबा देणारे हात, धुरळा, आणि काचेतून लहान लहान होत जाणारी एक साडीतली आकृती. आकृती प्रज्ञाची होती. चेहरा कुठंच दिसत नव्हता. एडिटिंग झाल्यावर मी तिला काही विचारलं नाही. तिनं आपणहून सांगितलं, "आता होतंय."

पाठवण्याआधी आक्काला दाखवायचं ठरलं. या वेळी चूक करायची नव्हती. सोमनाथ, प्रज्ञा, रेहान आणि मी एका संध्याकाळी तिच्या सासरच्या गावी गेलो, फुलंब्रीच्या जरा पुढं. दारात सासूबाई शेंगा फोडत बसल्या होत्या. आम्ही आक्काचं नाव काढताच त्या हसल्या. "ती घरी कुठली सापडायची? शहरातून यायची हाय अजून. फुलंब्रीच्या ष्टँडवर गाठा, साडेसहाची गाडी."

मी सोमनाथकडं बघितलं. "शहरातून?"

"शिवणाच्या कामाला जाती," तो म्हणाला. "करावं लागतं तिला, मॅडम." त्याच्या आवाजात गाण्यातलाच दर्द होता.

आम्ही उलटे फुलंब्रीला आलो. बस आली. आधी पाच-सहा बायका उतरल्या, जोरजोरात हसत, आणि त्यांच्या मधोमध आक्का, खांद्याला पर्स, हातात डब्याची पिशवी. कुणाची तरी नक्कल करून दाखवत होती. आम्हाला बघून थबकली. "आगं बया! सगळी फौज?"

थांब्याच्या बाकावर बसून तिनं माझ्या फोनवर गाणं बघितलं. तिच्या मैत्रिणी मागून वाकल्या होत्या. मी पडद्याकडं बघितलं नाही, तिच्याकडं बघत राहिले. ती खोकली नाही, हलली नाही. डबा देणारे हात आले तेव्हा तिनं ओठ दाबून धरले. काचेतली आकृती लहान होऊ लागली तेव्हा डोळे पुसले. मला मनातून एकदम हलकं वाटलं. जमलं.

गाणं संपलं. तिनं फोन माझ्या हातात दिला आणि भावाचा कान धरला. खरंच धरला.

"सोम्या, लई गोड गातोस. पर किती येळा म्हणतोस रं, मी इथंच हाय, मी इथंच हाय? मी कुठं इथंच हाय?"

सोमनाथ गोंधळला. "म्हंजी?"

"तू त्या गाडीनं गेलास, मी दुसऱ्या गाडीनं गेले. लग्नानंतर दहावी केली, बारावी केली. सासूनं पोर सांभाळली. औरंगपुऱ्यात शाळेचे गणवेश शिवतो आम्ही, पंधरा बाया हाताखाली हायत माझ्या. कटिंग मी करती. तुला सांगितलं नव्हतं व्हय?"

"सांगितलं होतं की," सोमनाथ पुटपुटला.

"मग ऐकलं नाहीस. तू काचेतून मागं बघत बसलास, म्हणून मी तुला तिथंच दिसती, थांब्यावर. बिचारी."

मैत्रिणी खिदळल्या. एकजण म्हणाली, "हिला बिचारी म्हणून गाणं केलं? हिला? काल हिनं मालकाला सगळ्यांसमोर झापला!"

औरंगपुऱ्यात कुठं, म्हणून मी विचारलं. तिनं सांगितलेली गल्ली माझ्या स्टुडिओपासून दोन गल्ल्या सोडून होती. कदाचित रोजच आम्ही एकाच भजीवाल्याच्या गर्दीतून वाट काढत असू.

"मग आता काय करू?" सोमनाथनं विचारलं. तो खरोखर विचारत होता.

आक्काचा आवाज मऊ झाला. "राहू दे रं. तेवढं कडवं खरंच हाय. तेव्हा मी तिथंच होते आणि मला लई वाईट वाटायचं. तुला वाटायचं त्याहून जास्त. पर पुढचं कडवं करशील ते मला इचारून कर." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "मॅडम, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका हं. फोटो लई साफ आलेत."

परत येताना गाडीत रेहान म्हणाला, "मॅडम, तीसरी बार बनाना पडता अब. हसनेवाला." त्याचं बरोबर होतं, पण पाठवायची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. आम्ही होतं तेच पाठवलं.

त्याला पहिलं बक्षीस मिळालं. परीक्षकांमध्ये एक नामवंत दिग्दर्शक होते. त्यांनी व्यासपीठावरून दोन-तीन वाक्यांत आमचं कौतुक केलं. त्यातलं एक मला पाठ झालंय. "मागे राहिलेल्या, आजही त्याच थांब्यावर उभ्या असलेल्या ग्रामीण स्त्रीची वेदना या मुलांनी अचूक पकडली आहे." सभागृहानं टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, व्यासपीठावर उभं राहून दुसरं काही करता येत नाही. विभागप्रमुख सरांनी तेच वाक्य मोठ्या अक्षरांत छापून नोटीस बोर्डावर लावलं.

सोमनाथनं पुढं आक्काला विचारून नवं कडवं लिहिलं. त्याची पाच वेळा खोडाखोड झाली आणि प्रत्येक खोड आक्काची होती. ते गाणं अजून चित्रित झालेलं नाही. तो पुण्याला नोकरीला लागला, प्रज्ञा शहरातच एका चॅनलमध्ये आहे, आणि रेहाननं लग्नांच्या शूटिंगचा धंदा काढलाय. बायकांच्या बाजूसाठी त्याला माणूस लागतं तेव्हा तो मला फोन करतो.

बक्षीस समारंभाला आम्ही आक्काला आग्रहानं बोलावलं होतं. पहिल्या रांगेत तिच्यासाठी खुर्ची राखून ठेवली होती, तिच्या नावाची चिठ्ठी चिकटवून. सोमनाथ दर थोड्या वेळानं दाराकडं बघत होता. आमचं नाव पुकारलं त्याच्या जरा आधी त्याच्या फोनवर निरोप आला, आणि त्यानं तो मला वाचून दाखवला: शाळा उघडायला आल्यात, कामाचा लई लोड हाय, सुट्टी घ्यायला जमणार नाय, तुम्ही घ्या बक्षीस आणि मला फोटो टाका.